मोरसला गेलेला आपला माणूस

आपल्या घरातील जुन्या बाया साखरेला एकेकाळी ‘मोरस साखर’ म्हणत. आजही एखादी नव्वदीची आजी चहात साखर घालताना हा शब्द बोलून जाते आणि नातवंडे हसतात. हा शब्द आला कोठून, हे फार थोड्यांनी विचारले असेल. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला असलेले हे लहानसे बेट. तिथली पांढरी साखर मुंबईच्या बंदरात उतरे आणि तिथून कोकणातल्या वाण्याच्या दुकानात येई. गूळ खाणाऱ्या मुलखात साखर नवी होती. ती ज्या बेटावरून आली त्याच बेटाचे नाव तिला चिकटले.

पण त्या साखरेचा ऊस तोडणारे हात कोणाचे होते, हे त्या शब्दात कुठे दिसत नाही. त्यातले काही हात याच कोकणपट्टीतले होते. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सावंतवाडी आणि घाटावरचा सातारा या भागांतून माणसे बोटीत बसली, बेटावर उतरली आणि तिथेच राहिली. त्यांत कुणबी होते, मराठे होते आणि आपले लोकही होते. या लेखाचा विषय तेच आपले लोक आहेत. ते कोण होते, त्यांचा माग लागतो का, आणि लागला तर आपण काय करायचे, यासंबंधी वाचकबंधुभगिनींपुढे चार गोष्टी मांडाव्यात असे आम्हांला वाटते.

इंग्रजांनी आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८३४ पासून कायद्याने मोडीत काढली. मॉरिशसचे ऊसमळे फ्रेंच मालकांचे, राज्य इंग्रजांचे, आणि राबणारे आफ्रिकन गुलाम. गुलाम सुटणार म्हटल्यावर मळेवाल्यांना नवी माणसे हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. तिथून हा ओघ सुरू झाला. पुढील सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे त्या बंदरात उतरली. मधल्या काळात अत्याचाराच्या तक्रारींमुळे ही भरती बंद पडली होती. १८४२ साली ती पुन्हा सुरू झाली तेव्हा कलकत्ता व मद्रासबरोबर मुंबई बंदरही त्यासाठी खुले झाले. मराठी माणूस प्रामुख्याने गेला तो यानंतर, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत. बिहारी आणि तामिळ मजुरांच्या मानाने आपली संख्या थोडी होती. साधारण १८६५ नंतर मुंबईकडून जाणारे मजूर जवळजवळ थांबले. तोवर मुंबईला रेल्वे आली होती, बोरघाट फोडण्याचे काम झाले होते, कापसाच्या तेजीने गोदीत आणि गिरण्यांत हातांना मागणी वाढली होती. पोट भरायला समुद्र ओलांडण्याची गरज तितकी उरली नव्हती.

करार पाच वर्षांचा असे. पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. कागदावर हे बरे दिसते. मळ्यावर ‘डबल कट’ नावाचा नियम होता. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडला तरी खाडा तो खाडाच. मळ्याबाहेर चिठ्ठीशिवाय दिसला की भटक्या म्हणून पोलीस धरीत. द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने १८७१ साली मजुरांच्या वतीने अर्ज लिहून हजारोंच्या सह्या-अंगठे घेतले. त्यामुळे विलायतेहून चौकशी आयोग आला आणि हा सगळा प्रकार सरकारी कागदावर चढला. त्या मळेवाल्याला त्याच्याच जातभाईंनी भर रस्त्यात मारले, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

इतके असूनही माणूस का जाई? येथे आम्हांला आपल्या समाजाचा वेगळा विचार करावासा वाटतो. कुणबी गेला तो दुष्काळाने, सावकाराने किंवा कुळवाडी सुटल्याने. आपल्या माणसाला हे सारे होतेच आणि वर गावकीची महारकी होती. वेठ होती, सांगावा पोचवणे होते, मेलेले ढोर ओढणे होते आणि त्याबदल्यात दारोदार मागायची भाकरी होती. मॉरिशसला पाच रुपये रोख मिळत. डबल कट कापून चार उरले तरी ते त्याच्या हातावर पडत, कोणी वरून टाकीत नसे. आम्ही मळेवाल्यांची तरफदारी करीत नाही. पण गावात जो छळ होता तो मोजल्याशिवाय बेटावरचा छळ मोजता येणार नाही, एवढेच म्हणायचे आहे. ही बाब मॉरिशसवर लिहिणारे आपले मराठी लेखक बहुधा सोडून देतात. तिकडची गणेशचतुर्थी, तिकडे टिकलेली जाखडी, तिकडचे मराठी शिक्षण यांवर ते रंगून लिहितात. ते चांगलेच आहे. पण बोटीत कोण कशाला बसला, हे विचारायला नको काय?

आता मागाचा प्रश्न. मॉरिशसमध्ये मजूर बंदरात उतरला की त्याला एक नंबर मिळे. त्या नंबरापुढे रजिस्टरात त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवला ते लिहीत. ज्या ठिकाणी हे लिहिले जाई ते पोर्ट लुईचे ठिकाण आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जतन केलेले आहे. बोटीतून उतरून चढायच्या सोळा दगडी पायऱ्या तिथे अजून आहेत. २००६ साली युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले. रजिस्टरे मात्र तिथे नाहीत. ती मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. हजारो माणसांचे फोटोही तिथे आहेत. फोटो काढण्याची सक्ती १८६७ च्या मजूर कायद्यापासून झाली आणि मुंबईकडची बहुतेक माणसे त्याआधी उतरलेली. तरीही जुन्या मजुराला नवा परवाना घ्यावा लागे, त्यावर फोटो लागे. म्हणून एखाद्या पंचावन्न-साठ वर्षांच्या मराठी मजुराचा चेहरा त्या पेट्यांतून निघू शकतो.

जातीचा रकाना आणि नाव हे दोन धागे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. कोकणात आपल्या पूर्वजांच्या नावापुढे ‘नाक’ लागत असे. रामनाक, सोननाक, भिकनाक, धर्मनाक. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आपल्या शूर सैनिकांची नावे वाचा, ‘नाक’ हाच शेवट दिसेल. दलित चळवळीचे आद्य पुढारी, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतःला गोपाळनाक विठ्ठलनाक असेच लिहीत. तेव्हा मॉरिशसच्या रजिस्टरात एखाद्या नावाचा शेवट ‘नाक’ असा, मग तो कारकुनाने फ्रेंच वळणाने कसाही लिहिलेला असो, दिसला तर तो माणूस कोणाचा हे सांगायला जातीचा रकानाही लागत नाही. पुढे तिकडे आडनावाची पद्धत आली तेव्हा पहिल्या मजुराचे नाव तेच साऱ्या कुळाचे आडनाव झाले. रामजी गेला असेल तर त्याची पतवंडे सगळी ‘रामजी’. त्यामुळे ‘नाक’ पुसले जाऊ शकते आणि आपला माणूस आपल्याला तिकडच्या टेलिफोन डिरेक्टरीत ओळखू येणार नाही. ओळख पटेल ती फक्त त्या मूळ रजिस्टरात.

आमच्या पनवेल तालुक्यात एका बौद्धवाडीतल्या घरी आम्ही वर्षावासाच्या काळात धम्मग्रंथ वाचनासाठी जात असू. त्या घरच्या आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. शाळा नाही, पण पिढ्या तोंडपाठ. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांच्या आज्याचा थोरला भाऊ मोरसला गेला, तो गेलाच.” आम्ही विचारले, “आजी, मोरस म्हणजे कुठं?” तर म्हणाल्या, “बोटीनं जायाचं. साखर येयाची तिथनं.” त्यांना मॉरिशस हे नाव माहीत नव्हते. त्यांच्या सासऱ्यांच्या घरी भाद्रपदात पितरांना पान ठेवीत असत. तेव्हा एक पान या मोरसवाल्याचे निराळे ठेवीत, कारण तो मेला की जिवंत हे कोणालाच ठाऊक नव्हते. छप्पन सालानंतर पाने ठेवणे बंद झाले. ते योग्यच झाले. पण त्या पानाबरोबर त्याचे नाव घेणेही बंद झाले. आजींना तो कोण हे आठवते, त्याचे नाव आठवत नाही.

हा हिशेब आम्ही कागदावर मांडला. आजींचे सासरे साधारण १९०० च्या आसपासचे. त्यांचा आजा १८४० च्या आसपासचा. त्याचा थोरला भाऊ म्हणजे १८५५ ते १८६५ या दहा वर्षांत वीस-पंचविशीचा तरुण. मुंबईहून मॉरिशसला बोटी सुटत होत्या तो हाच काळ. म्हणजे आजींची गोष्ट काळाशी जुळते. तो गेला तेव्हा महाडच्या चवदार तळ्याला अजून सत्तर वर्षे अवकाश होता.

पुरावा कुठे मिळाला? त्याच घरात, लोखंडी कपाटावरच्या काळ्या फायलीत. घरातल्या एका नातवाची जात पडताळणी चार-पाच वर्षांपूर्वी झाली. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हणून बापाने तहसील कचेरी, शाळा, तलाठी असे खेटे घातले होते. आपल्या बहुतेक घरांनी हे खेटे घातले आहेत. कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ ची, जन्म-मृत्यूची नक्कल त्याने काढली. त्यात सासऱ्यांच्या आज्याच्या मृत्यूची नोंद आहे. नाव, बापाचे नाव, जात, गाव, सगळे. दोन्ही नावांचा शेवट ‘नाक’ असाच आहे. पडताळणी समितीने ती नक्कल जुन्यात जुनी म्हणून मान्य केली आणि काम झाल्यावर फाइल कपाटावर गेली. मोरसवाल्याच्या बापाचे नाव अशा रीतीने घरात होते. मॉरिशसच्या रजिस्टरात बापाच्या नावाचा रकाना आहे, हे वर आलेच आहे. दोन रकाने एकमेकांना भेटले की माणूस सापडला.

ज्या जातीच्या शब्दाचा आपण नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्याग केला, त्याच शब्दाने आपल्याला सवलतीच्या कागदासाठी रांगेत उभे केले आणि तोच शब्द दीडशे वर्षांपूर्वी हरवलेल्या भावापर्यंत नेणारी दोरी निघतो. याचा राग येतो, आम्हांलाही येतो. पण इंग्रजाच्या कारकुनाने आपल्या माणसाबद्दल लिहून ठेवलेली अक्षरे मूठभर आहेत. त्यातले एकही गमावणे आपल्याला परवडणारे नाही. म्हणून पडताळणीचे काम झाले की फाइल फेकू नका, रद्दीत देऊ नका. लॅमिनेशनही करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. प्लास्टिकच्या पिशवीत सुटा ठेवा आणि झेरॉक्स वेगळी ठेवा.

आता अडचणी. मोका येथील रजिस्टरे नंबरवार लावलेली आहेत. अमुक गावचे किती गेले असे विचारून ती उघडता येत नाहीत. मजुराचा नंबर ज्याच्याकडे आहे, म्हणजे तिकडचा वंशज, त्याला त्याच्या पूर्वजाची नोंद मिळते, त्याचा दाखलाही मिळतो. आपल्याकडे नंबर नाही. त्यामुळे खरा शोध तिकडून इकडे येतो, इकडून तिकडे क्वचित जातो. तिकडचा माणूस दाखला हातात घेऊन येतो, त्यावर गावाचे मोडकेतोडके नाव असते, आणि तो विचारतो की हे गाव कुठले. आपले काम त्या वेळी उत्तर देता येणे हे आहे.

आणि हे उत्तर देणे दिसते तितके सोपे नाही. आपला पनवेल तालुका आज रायगड जिल्ह्यात आहे. १९८१ पूर्वी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, हे आपल्या पिढीला माहीत आहे. पण कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला तोच १८६९ साली आणि पनवेल-उरण त्यात आले ते १८८३ साली. त्याआधी पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे १८६० साली पनवेलजवळच्या गावातून गेलेल्या माणसापुढे जिल्हा ‘ठाणे’ असाच लिहिलेला असणार, तोही ‘टान्ना’ अशा काहीतरी उच्चाराने. आजचा माणूस तो दाखला घेऊन ठाण्याला जाईल, भिवंडी-शहापूर पालथे घालील आणि हात हलवीत परत जाईल. त्याचे गाव खाडीच्या या बाजूला, आपल्याकडे असेल. मालवण-देवगडकडचा माणूसही असाच चुकेल, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. जुन्या कागदात सारे रत्नागिरी, नाहीतर सावंतवाडी संस्थान.

गावाच्या नावाचीही तीच तऱ्हा. ‘ळ’ इंग्रजीत नाही, ‘ण’ नाही. वाडी, पाडा, कोंड हे शब्द कारकुनाने कधी लिहिले, कधी गाळले. पनवेल तालुक्यात तर गावेच उठली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावे हलली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही नावे आता पुनर्वसनाच्या सेक्टरांत आणि जुन्या सातबाऱ्यांत राहिली. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. उद्या मॉरिशसचा एखादा पाहुणा तिथेच उतरेल आणि गाव विचारील, आणि कदाचित तो उभा असेल तीच गावाची जागा असेल. उठलेल्या गावांच्या बौद्धवाड्यांतील वडीलधाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे की वाडीत किती घरे होती, कोणाचे घर कुठे होते, विहीर कुठे होती, स्मशान कुठे होते, याचा एक नकाशा वहीत काढून ठेवा. तो नकाशा कुठल्याही सरकारी कचेरीत नाही.

आपल्याच पनवेलमध्ये या बाबतीत डोळ्यांपुढे एक उदाहरण आहे. बेने इस्राएल समाज, ज्यांना जुने लोक शनवार तेली म्हणत. कोकणच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे हे यहुदी. पनवेलचे त्यांचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. १९४८ नंतर यांतली बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. पण त्यांची आडनावे पाहा. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर, दिवेकर, चेऊलकर. माणूस हजारो मैल गेला तरी गाव नावाला बांधून गेला. त्यांची नातवंडे सुट्टीत येतात, मोडके मराठी बोलतात, पण गावाच्या पाटीपुढे बरोबर उभी राहतात. मोरसला गेलेल्याला हे सुख नाही, कारण तो गेला तेव्हा त्याला आडनाव लिहून घ्यावे असे कोणाला वाटलेच नाही.

आणि आपल्या इकडच्या आडनावांचे काय? डॉ. बाबासाहेबांचे घराणे सकपाळ, गाव आंबडवे म्हणून आंबडवेकर आणि शाळेत आंबेडकर झाले. एकाच घराण्याची तीन नावे. आपल्या समाजात असे घरोघर झाले आहे. एक भाऊ मुंबईला गिरणीत लागला त्याने गावाचे नाव लावले, दुसरा गावी राहिला त्याचे मूळ आडनाव राहिले, तिसऱ्याने जात कळू नये म्हणून बदलून घेतले. म्हणून नुसत्या आडनावावर ‘आमचे नव्हे’ असे कोणाला सांगू नका. मूळ पुरुषाचे नाव विचारा. आडनावे लबाडी करतात, आज्या-पणज्यांची नावे सहसा करीत नाहीत.

एक भीती आम्ही दोन-तीन घरांत ऐकली, तिच्यावर बोलणे भाग आहे. “परदेशातला भाऊबंद उभा राहिला तर जमिनीत वाटा मागेल.” पनवेल-उरणात जमिनीला सोन्याचा भाव. सिडकोच्या साडेबारा टक्क्यांवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले आहेत. तेव्हा ही भीती खुळी नाही. परंतु महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली आणि त्या वेळी वतन ज्यांच्याकडे होते त्यांना सरकारात रक्कम भरून जमीन परत मिळाली. आज आपल्या नावावर जे आहे ते त्यानंतरच्या व्यवहारातून आलेले आहे. १८६० साली बोटीत बसलेल्या माणसाच्या पाचव्या-सहाव्या पिढीने येऊन सातबारा बदलल्याचे उदाहरण निदान आमच्या ऐकिवात नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी वकिलाला विचारावे, पण दारात आलेल्या पाहुण्याला त्या भीतीपोटी “आम्हांला काही माहीत नाही” म्हणून परत पाठवू नये. जुन्या वतनाच्या कागदांत भाऊहिस्सेदारांची नावे असतात आणि नेमकी ती आपल्या शोधाला उपयोगी असतात, हा त्या कागदांचा दुसरा गुण.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. मॉरिशसचा मराठी समाज हा तिकडे ‘मराठी’ या एकाच नावाने ओळखला जातो. आपली पोटजात कोणती हे तिकडच्या पुष्कळ तरुणांना माहीत नाही, किंवा घरात वेगळेच सांगितले गेले आहे. दाखल्यावर जातीच्या रकान्यात आपला शब्द निघाला की त्या माणसाला काय वाटत असेल? काहींना धक्का बसेल. काही दाखला घडी करून खिशात ठेवतील आणि पुन्हा काढणार नाहीत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ते गेले तेव्हा इथे फक्त अपमान होता. बाबासाहेब जन्मलेले नव्हते. महाड, काळाराम, नागपूर, यातले काहीच त्यांच्या बोटीत गेले नाही. त्या एका शब्दानंतर आपण इकडे दीडशे वर्षांत काय झालो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

म्हणून आमचे मत असे की असा कोणी आला तर त्याला आधी जातीचा शब्द सांगू नये, लपवूही नये. त्याला प्रथम विहारात न्यावे. इथे तुझ्या कुळातली माणसे शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कारकून आहेत, बोटीवर आहेत, हे त्याला दिसू द्यावे. मग फाइल उघडावी. तो हिंदू असेल, गणपती बसवीत असेल. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेले. त्यावरून वाद घालण्याची ती जागा नव्हे. धर्म आपण आपल्या बुद्धीने स्वीकारला, त्याने त्याच्या आज्याकडून घेतला. रक्त एक असले म्हणून विचार एक असावाच असा आग्रह बुद्धाने धरला नाही.

अलीकडे हे येणे वाढण्याची शक्यता आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असताना भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड, मिळण्याची सोय जाहीर झाली. त्यासाठी मूळ पूर्वजाचा पुरावा लागतो, म्हणून जुन्या दाखल्यांना मागणी येईल. आणि मागणी आली की दलालही येतात. आम्ही तुमचे नातेवाईक शोधून देतो म्हणून पैसे मागणारा कोणीही वाडीत आला तर एक पैसा देऊ नका. कोतवाल बुकाची नक्कल तहसील कचेरीत अर्ज करून सरकारी फीमध्ये मिळते.

समुद्रापार गेलेले सगळेच मोरसला गेले असे नाही. पहिल्या महायुद्धात बोटीवरचे खलाशी आणि आगवाले म्हणून कोकणची माणसे गेली आणि पाणबुडीच्या तडाख्यात समुद्रात बुडाली. ज्यांना कबर नाही अशा खलाशांच्या नावांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पनवेलहून हार्बर लोकलने एका गाडीत पोचता येते. ज्यांच्या घरी “आजा बोटीवर होता, परत आला नाही” अशी गोष्ट आहे त्यांनी एका रविवारी वगैरे न जाता कामकाजाच्या दिवशी जाऊन, परवानगी घेऊन नावे पाहावीत. फौजेत गेलेल्यांसाठी, विशेषतः १९१७ साली उभारलेल्या आणि १९२१ ला मोडलेल्या १११ व्या महार पलटणीतील माणसांच्या घरांनी, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी पाहावी. ती इंटरनेटवर फुकट आहे. युद्धकाळात मृत्यू पावलेल्या हिंदी शिपायांच्या नावापुढे पुष्कळदा बापाचे नाव आणि गाव दिलेले असते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती अर्ध्या तासात काढून देईल. मुंबई सरकारचे जुने दप्तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात आहे. तिथे बसून वाचायला वेळ आणि इंग्रजी दोन्ही लागते, म्हणून आपल्या इतिहास विषयाच्या पदवीधर मुलांनी त्यात लक्ष घालावे.

आजींच्या घरचे सांगायचे राहिले. त्यांच्या नातवाने, ज्याच्या पडताळणीसाठी ती नक्कल काढली होती त्यानेच, मोका येथील संस्थेला पत्र लिहिले आहे. इंग्रजी मसुदा आम्ही पाहिला. त्यात मोरसवाल्याच्या बापाचे नाव आणि भावाचे नाव चार प्रकारच्या स्पेलिंगने दिले आहे, गावाचे नाव तीन प्रकारांनी, जिल्हा ‘ठाणे, आता रायगड’ असा, आणि वर्षे १८५० ते १८६५. नंबर माहीत नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिले आहे. अमुक बापाचा मुलगा म्हणून कोणी वंशज आपल्याकडे चौकशीस आला तर हा पत्ता त्याला द्यावा, अशी विनंती शेवटी आहे. पत्र रजिस्टर पोस्टाने गेले. त्याची एक प्रत काळ्या फायलीत कोतवाल बुकाच्या नकलेमागे लावली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. आजी मात्र दर पौर्णिमेला विहारात भेटल्या की पोस्टमनची चौकशी आम्हांलाच करतात.